साल न लिहिलेली कॅसेट

फेब्रुवारी आला की नाशिकमध्ये दिवसाचे दोन तुकडे पडतात. सकाळी स्वेटरशिवाय बाहेर पडवत नाही आणि दुपारी तोच स्वेटर हातावर टाकून फिरावं लागतं. याच दिवसांत रस्त्यांच्या कडेला द्राक्षांच्या हातगाड्या उभ्या राहतात. खाली वर्तमानपत्राचा कागद, वर रचलेले घड, अधूनमधून पाण्याचा एक शिपका. द्राक्षांबरोबर मधमाश्याही शहरात येतात आणि गाडीवाला त्यांना हाकलता हाकलता गिऱ्हाइकाशी बोलत असतो. काल कॉलेजातून घरी येताना अशाच एका गाडीपाशी थांबलो. गाडीवाल्याने घडातला एक मणी तोडून पुढे केला. "आधी खा काका, भाव मग विचारा," म्हणाला. मणी दातांखाली कट्कन फुटला. तो आवाज, ती गोडी आणि मागून येणारी किंचित आंबट चव. गाडीपाशीच मी थोडा वेळ उभा राहिलो.

अशाच एका द्राक्षांच्या हंगामात मी टीव्हीची नोकरी सोडली. अकरा वर्षं एकाच वाहिनीत काढली होती. कुणाशी भांडण नव्हतं, कुणी काढलंही नव्हतं. नाशिकच्या एका कॉलेजात मुलांना पत्रकारिता शिकवायची संधी आली होती, आणि रोज जीपमध्ये बसून चार तालुके पालथे घालणाऱ्या माझ्या कमरेने त्या संधीच्या बाजूने कौल दिला होता. राजीनामा देऊन झाला होता. शेवटचे आठ दिवस उरले होते.

त्या आठ दिवसांविषयी लिहायचं म्हणजे आधी थोडं मागे जायला हवं.

मी नामपूरचा. आमच्या गावाला कांद्याचा वास आहे. वडील कांद्याच्या आडतीत हमाल होते, सहीच्या जागी अंगठा उठवायचे. आई शेतावर रोजाने जायची. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच. त्यात माझं कर्तृत्व थोडं आणि इतरांचं फार आहे. शाळेतले मराठीचे सर रोज परिपाठाला माझ्याकडून पेपरातल्या बातम्या वाचून घ्यायचे. मी घाईने वाचायचो. सर मागून म्हणायचे, "अरे, शेवटच्या बाकावरच्याला जेवायचं आहे, त्याला वाढ की. सगळं ताट पहिल्याच बाकावर रिकामं करतोस." पुढे कॅमेऱ्यासमोर उभा राहिलो तेव्हा मला कॅमेरा कधी दिसला नाही. दिसायचा तो शेवटचा बाक.

कॉलेजसाठी नाशिकला आलो. नाशिक रोडला तिघांत एक खोली. पदवी झाली, एका लहानशा दैनिकात लागलो, आणि नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा वाहिनीला नाशिकसाठी माणूस हवा असल्याचं कळलं. तेव्हा आमच्या वाहिनीवर चोवीस तास बातम्या नव्हत्या. संध्याकाळी अर्ध्या तासाचं बातमीपत्र असायचं, तेवढंच. मुंबईच्या संपादकांनी मला दोनच प्रश्न विचारले. "जिल्ह्यातल्या किती गावांना पायी गेलायस?" आणि "घाबरतोस का?" दुसऱ्याला मी "हो" म्हणालो. ते हसले आणि त्यांनी मला चार कोऱ्या कॅसेट दिल्या.

पहिल्यांदा टीव्हीवर दिसलो तो दिवस आईने शेजारच्यांच्या ओट्यावर बसून पाहिला. दुसऱ्या दिवशी गावातल्या टेलिफोन बूथवरून तिचा फोन आला. मी आतुरतेने विचारलं, "कसा दिसलो?" ती आमच्या अहिराणीत म्हणाली, "दिखना तू. पन जेवना का नही, ते काही समजनं नही."

कॅमेरा सांभाळायला सलीम होता. तो आधी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचा. त्याची सवय इतकी पक्की होती की आमच्या पहिल्या मोर्चात त्याने निवेदन देणारा पुढारी आणि ते घेणारे तहसीलदार यांना शेजारी उभं करून "जरा जवळ या, हसा" असं म्हटलं होतं. दोघं हसलेही. मोर्चा तिथेच थोडा थंडावला.

बातमी मुंबईला पोचवायची रीत आजच्या मुलांना सांगितली की ती माझ्याकडे संशयाने बघतात. आम्ही कॅसेट घेऊन नाशिक रोड स्टेशनवर जायचो आणि मुंबईच्या गाडीत बसणाऱ्या एखाद्या अनोळखी माणसाच्या हातात ती द्यायचो. "दादरला पुलाखाली लाल टोपी घातलेला आमचा माणूस उभा असेल, त्याला द्या." एवढंच. ना पावती, ना ओळखपत्र. माणूस कसा निवडायचा याचं आमचं शास्त्र तयार झालं होतं. फार गप्पा मारणारा नको, तो विसरतो. झोपाळू नको, त्याचं स्टेशन निघून जातं. रोज जाणारा, डबा बरोबर असलेला, पेपर घडी घालून वाचणारा माणूस उत्तम. "तो बघ, दामाद," असं सलीम हळूच म्हणायचा, म्हणजे निवड झाली.

एकदा आम्ही एका शिक्षिकाबाईंच्या हातात कॅसेट दिली. दादरला त्यांनी लाल टोपीवाल्याला विचारलं, "आत काय आहे ते सांगा, मग देते." त्याला कुठून माहीत असणार? बाईंनी कॅसेट पर्समध्ये ठेवली, त्याला टॅक्सी करायला लावली आणि थेट ऑफिसात जाऊन संपादकांच्या टेबलावर ठेवली. संपादकांनी त्यांना चहा पाजला आणि मला फोन केला, "रोज अशीच माणसं निवड."

एवढ्या वर्षांत एकही कॅसेट हरवली नाही. माझं नाव झालं म्हणतात, पण ते नाव त्या शेकडो लोकांनी मांडीवर ठेवून मुंबईला नेलं. त्यांतल्या एकाचंही नाव मला माहीत नाही.

कॅसेट महाग होत्या, म्हणून मुंबईहून परत मागवून त्या पुन्हा पुन्हा वापरायच्या. जुन्या कागदी पट्टीवर नवी पट्टी चिकटवायची आणि त्यावर लिहायचं, "नाशिक, द्राक्ष, गारपीट" किंवा "नाशिक, पाणीटंचाई". तारीख, साल मी कधी लिहिलं नाही. त्यामागे काही विचार नव्हता, नुसती घाई होती. बातमी आजची आहे, आज संध्याकाळी लागणार, हे मला माहीत होतं आणि मुंबईच्या बातमी डेस्कलाही माहीत होतं. आजच्या गोष्टीवर साल कोण लिहितं? आपण रोज घरात एकमेकांना हाक मारताना साल सांगतो का?

नोकरीच्या तिसऱ्या का चौथ्या वर्षी दिंडोरी तालुक्यात गारपीट झाली. ती दुपारची गोष्ट. आम्ही पोचलो तेव्हा आभाळ स्वच्छ झालं होतं आणि ऊन पडलं होतं, त्यामुळे ते दृश्य जास्तच वाईट दिसत होतं. एका बागेत शिरलो. मांडवावर पान नाही. खाली गारांचा खच, त्यात फुटलेली द्राक्षं, आणि सगळीकडे आंबूस गोड वास, एखाद्या मोठ्या भांड्यात रस सांडल्यासारखा. बाग विमलकाकूंची आणि त्यांचे यजमान निवृत्तीभाऊंची. निवृत्तीभाऊ बांधावर बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. ते एरवीही बोलत नाहीत. विमलकाकू मात्र आमच्याकडे आल्या. मुंबईहून मला सांगणं होतं की शेतकऱ्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे. मी माइक हातात घेऊन अवघडून उभा होतो. काकू म्हणाल्या, "भाऊ, सकाळपासून फिरताय जनू. आधी च्या घ्या. रडायचं मग बघू."

चहा झाला. मग त्या बागेत गेल्या, फाटलेला एक घड उचलला आणि हातात धरून त्याच्याकडे बघत उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत. सलीमने तेवढंच टिपलं. त्याने त्या दिवशी कुणालाही हसा म्हटलं नाही.

ते चित्र सगळ्यांना लक्षात राहिलं. पंचनाम्याला दुसऱ्याच दिवशी अधिकारी आले. मला मुंबईहून शाबासकी आली. पुढे ओळख करून देताना लोक "ते गारपिटीवाले" असं म्हणायचे. दुसऱ्याच्या फुटलेल्या बागेवर माझी ओळख उभी राहिली, हे मला टोचायचं. म्हणून मी दर हंगामात काकूंकडे एक चक्कर टाकायचो. त्यांनी वेली पुन्हा उभ्या केल्या. पुढे एका निर्यात कंपनीमार्फत त्यांचा माल परदेशी जाऊ लागला. घडाघडाला कागद गुंडाळलेली ती बाग बघितली की मला नव्या वह्यांना कव्हर घातलेला शाळेतला जूनचा वर्ग आठवायचा.

आता ते शेवटचे आठ दिवस.

त्या फेब्रुवारीत चांदवडच्या बाजूला गारपीट झाली. दिंडोरीकडे एक थेंबही नव्हता. सलीम आणि मी चांदवडला गेलो, नुकसान टिपलं. एव्हाना काळ बदलला होता, स्टेशनवर माणूस शोधायची गरज नव्हती, थेट प्रक्षेपणाची, छत्रीवाली ओबी व्हॅन होती. पण व्हॅन चिखलात रुतली आणि चित्रं मुंबईला जायला संध्याकाळ होणार होती. आम्ही रस्त्याकडेच्या हॉटेलात चहाला बसलो. समोर टीव्ही चालू होता, आमचीच वाहिनी. सकाळपासून दर तासाला लागत असलेली गारपिटीची बातमी आली आणि पडद्यावर फाटलेला घड हातात धरलेल्या विमलकाकू आल्या.

सलीमचा पेला हातातच राहिला. "बॉस, ये तो अपनी काकू हैं. ही तर जुनी टेप आहे!"

मी डेस्कला फोन लावेपर्यंत माझाच फोन वाजला. काकूच होत्या.

"अवो भाऊ, माझी बाग उभी हाय. अन् तुम्ही ती टीव्हीवर आडवी केली."

"काकू, चूक झाली, मी लगेच..."

"चूक झाली ते कळलं मला. पर परवा काढणी होती ना. कंपनीच्या साहेबाचा फोन आलता. म्हनतो, गारंचा माल आमाला चालत नाय, टोळी दुसरीकडं लावली. मी म्हनलं, बाबा, गारा नाय पडल्या. तर म्हनतो, काकू, मी सोता बघितलं तुमाला."

निर्यातीच्या द्राक्षाला थांबायला वेळ नसतो. गोडी भरली की माल काढावाच लागतो. चार-पाच दिवस पुढे गेले की मणी मऊ पडतो आणि मग तो बोटीचा प्रवास सोसत नाही. वर्षभराची मेहनत त्या चार-पाच दिवसांत जायची होती.

मी त्या कंपनीच्या साहेबांना फोन केला. ते सभ्यपणे बोलले. "तुम्ही म्हणता तसं असेलही. पण मघाशी तुम्हीच दाखवलंत, आता तुम्हीच नाही म्हणताय. हंगामात रोज वीस बागा आहेत मला. फोनवर कुणीही सांगेल. जिथे दाखवलंत तिथेच दाखवा."

मग डेस्कला फोन. तिथल्या प्रमुख मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कामाला चोख. मी तावातावाने विचारलं की जुनं चित्र कसं लावलं. त्यांनी टेप मागवून घेतली. मग म्हणाल्या, "सर, टेप समोर आहे. नाशिक, द्राक्ष, गारपीट. अक्षर तुमचं आहे. साल नाही."

ओबी व्हॅन आली तेव्हा नाशिकच्या कपाटात न पुसता जपलेल्या सगळ्या कॅसेट मी मुंबईच्या टेप लायब्ररीत पाठवल्या होत्या, मोठ्या अभिमानाने. त्यांच्या पेटीत मी माझी चूकच बांधून पाठवली होती.

"शॉट काढून टाकलाय," मॅडम म्हणाल्या. "पण दुरुस्ती लावायची म्हणजे... लोक चांदवडचं नुकसानही खोटं म्हणतील. ज्यांचं खरंच गेलंय त्यांचं काय?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. म्हणून मी म्हणालो, आधी चांदवड दाखवू, आजचं, खरं. त्यानंतर ही बाग, थेट. दोन मिनिटं द्या.

"सकाळच्या बातमीपत्रात दोन मिनिटं कुठून आणू, सर?"

मला ठाऊक होतं की माझ्या शेवटच्या दिवसासाठी त्यांनी निरोपाची छोटी फिल्म केली होती. अकरा वर्षांतली निवडक चित्रं. त्यात काकूंचं ते चित्रही होतं. मी म्हणालो, "ती माझी दोन मिनिटं आहेत ना, ती उद्या सकाळी द्या." त्यात त्याग वगैरे काही नव्हता. मागण्यासारखं तेवढंच माझ्या नावावर शिल्लक होतं.

"तुमच्या निरोपाच्या आठवड्यात तुम्हाला स्वतःची चूक वाचून दाखवायची आहे?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "ठीक आहे. आठला तयार राहा. आणि सर, चूक तुमची एकट्याची म्हणू नका. लावली आम्ही." त्या वाक्याबद्दल मी त्यांचा अजून ऋणी आहे.

सकाळी बागेत धुकं होतं. मांडवाखाली उभं राहिलं की पानांवरून थेंब मानेवर पडत होते. घड कागदात गुंडाळलेले, काकूंनी दोन-चार सोडून ठेवलेले. इतक्या वर्षांत हजारो वेळा कॅमेऱ्यासमोर बोललो होतो, पण त्या दिवशी वाक्यं मनात दोनदा म्हणून घेतली. आधी चांदवडच्या बागा दिसल्या. मग मी बोललो, "काल गारपिटीच्या बातमीत आम्ही जी बाग दाखवली, ती ही. ते चित्र कित्येक वर्षांपूर्वीचं होतं. ते मीच पाठवलं होतं आणि त्यावर साल लिहिलं नव्हतं. चूक माझी आणि आमच्या वाहिनीची आहे. गारा चांदवडला पडल्या, तिथलं नुकसान खरं आहे. ही बाग आज अशी आहे."

पुढे मी काही बोलणार, तोच काकू पदर खोचून कॅमेऱ्यासमोर आल्या. त्यांचं बोलणं आम्ही ठरवलेलं नव्हतं.

"बघा नीट. याचं चुकलं, यानं सांगितलं. आता ज्याला माल पायजे त्यानं यावं. चाखायला पैसे पडत नाय."

कानातल्या इअरफोनमध्ये मुंबईहून कुणाच्या तरी हसण्याचा आवाज आला. दोन मिनिटं संपली.

त्या दिवशी कुणी आलं नाही. संध्याकाळपर्यंत मी तीनदा फोन केला. काकू तिसऱ्यांदा म्हणाल्या, "भाऊ, फोन करून गाडी येती का? निवांत जेवा." आणि मला आईची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी दुपार उलटून गेली तरी काही नाही. सलीम माझ्याशी बोलायचं टाळत होता आणि मी त्याच्याशी. तिसऱ्या दिवशी सकाळी निवृत्तीभाऊंचा फोन आला. त्यांनी मला फोन करायची ती पहिलीच वेळ. म्हणाले, "आले." आणि ठेवून दिला.

नंतर कळलं ते असं. साहेबांनी आमचं थेट बोलणं पाहिलंच नव्हतं. त्यांच्या पॅकिंगच्या शेडमधल्या बायकांनी पाहिलं होतं. दिवसभर त्या एकमेकींना काकूंची नक्कल करून दाखवत होत्या, "चाखायला पैसे पडत नाय." साहेबांनी विचारलं काय चाललंय, आणि मग ते स्वतः गाडी काढून बाग बघायला गेले. माझ्या शब्दाने झालं नाही ते त्या बायकांच्या हसण्याने झालं.

दोन दिवस उशीर झाला होता, त्याचा भार काकूंनी सोसलाच. कडेच्या दोन ओळींतला माल मऊ पडला, तो नाशिकच्या बाजारात गेला. माझ्यामुळे गेला. तो विषय मी काढला तेव्हा काकू म्हणाल्या, "त्या वर्षी तुमी आला नसता तर पंचनामा करायला कोन आलं असतं? दोन वळी गेल्या, जाऊ द्या. नाशिकच्या लोकानी पन खावं चांगलं." एवढ्या सहजपणे मला कुणी सोडवलं नव्हतं. आयुष्यात मला जे मिळालं ते बहुतेक असंच मिळालं आहे, समोरच्याने हात आखडता न घेता दिलेलं.

काढणीच्या दिवशी सलीम आणि मी बागेत गेलो. तो माझ्या नोकरीचाही शेवटचा दिवस होता. संध्याकाळी नाशिकच्या ऑफिसात माइक आणि ओळखपत्र जमा करायचं होतं. पेठ तालुक्यातून आलेली बायकांची टोळी ओळीओळीत पसरली होती. कात्र्यांचा कट्कट् आवाज सगळीकडून येत होता. दिसत कुणी नव्हतं, नुसता आवाज आणि मधूनच हसणं. घड देठाला धरून, मण्याला बोट न लावता, हळूच क्रेटमध्ये ठेवले जात होते. रस्त्यावर गाडी उभी होती आणि निवृत्तीभाऊ तिच्यापाशी उगाच चकरा मारत होते.

सलीमने खांद्यावर कॅमेरा चढवला. "काकू," तो म्हणाला, "एक शॉट देता का? तसंच उभं राहायचं, घड हातात धरून. आत्ताचा चांगला घड."

काकूंच्या एका हातात कात्री होती आणि दुसरा हात मांडवात होता. त्यांनी मान वळवली नाही.

"उभं राहायला फुरसत कुनाला हाय रे बाबा? गाडी थांबलीया."

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी इस्त्रीच्या शर्टात, हात मोकळे सोडून, निरोप घ्यायला आलेल्या पाहुण्यासारखा ओळीच्या तोंडाशी उभा होतो.

"भाऊ, तुमी तर आता मोकळेच झाले ना?" त्या म्हणाल्या. "मंग धरा हे."

आणि भरलेला क्रेट त्यांनी माझ्या हातात दिला.